पणजोबांचा बाप

आमच्या मोठेबाबांना साठी जवळ आल्यावर एकाएकी पूर्वज पाहिजे झाला. तोवर त्यांचं पूर्वजावाचून काही अडलेलं नव्हतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरला लागून संत्र्याचा बगिचा होता, कपाशी होती, उन्हाळ्यातही न आटणारी विहीर होती, आणि बाजारातून जाताना चार माणसं रामराम करत होती. शहाण्या माणसाला एवढं पुरतं. मोठेबाबांना पुरलं नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही पांढुर्ण्याला राहत होतो. बाबा तिथे पोस्टात होते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी बी.ए. होऊन घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या मुलीला नातेवाइकांची सगळी फुकटची कामं करावी लागतात. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून पूर्वज शोधून लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात झाली ती आमच्या दादाला, म्हणजे मोठेबाबांच्या मुलाला, काटोलकडचं स्थळ आलं तेव्हा. मुलीकडचे लोक घर पाहायला आले होते. आम्ही कुणबी, तेही कुणबीच. पण ते स्वतःला देशमुख म्हणवत आणि आपण जरा वरचे आहोत हे त्यांच्या बसण्यातूनच कळत होतं. पोहे खाऊन झाले, चहा झाला. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने पान तोंडात सरकवत विचारलं, "तुमचं घराणं मूळचं कुठचं म्हणाले?"

मोठेबाबा म्हणाले, "आमच्या आजोबाचे वडील नागपूरच्या राजाच्या फौजेत घोडेस्वार होते."

मी कपबश्या उचलत होते. घोडेस्वार मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्या बाबांनीही पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण त्यांनी नजर रिकाम्या कपात घातली ती बाहेर काढलीच नाही.

"अस्सं? नाव काय त्यायचं?"

"सगळं लिहून ठेवलं आहे. दाखवतो तुम्हाले पुढच्या वेळी."

त्या घरात लिहिलेलं म्हणाल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे आकडे होते.

म्हातारा बरा लबाड होता. पान चघळत त्याने खरा प्रश्न शेवटी विचारला. "घराण्यात पाट-बीट?"

"नाव नका घेऊ," मोठेबाबा म्हणाले. "आमच्या घराण्यात पाट लागत नाई. कधी लागलाच नाई."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. कुणब्यांमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या होत आलेलं आहे, आणि ज्यांना मोठं व्हायची हौस येते ते सगळ्यांत आधी तेच नाकारतात. मोठेबाबांनी हे वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. आत स्वयंपाकघरात त्यांची मुलगी, आमची ताई, पोह्यांची कढई घासत बसली होती. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाच तिचा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला तेराव्यानंतर आणून सोडलं, आणि तेव्हापासून ती त्या स्वयंपाकघरात होती. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. पाहुणे आले की तिने समोर यायचं नाही, असा नियम होता. पोहे तिने केलेले चालत.

मी कपबश्या घेऊन आत गेले. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "घराण्याचं झालं असंल त इचारून ये, मीठ बरोबर होतं का म्हणून."

तर असा तो पूर्वज पाहिजे झाला.

पणजोबांपर्यंत आम्हाला माहीत होतं. मोठेबाबांचे आजोबा ते. त्यांचं नाव माहीत होतं, ते सौंसरच्या बाजूला लहानपणी आले एवढंही ऐकलेलं होतं. त्यांचा बाप कोण, हे मात्र कोणाला सांगता येईना. मोठेबाबांचं म्हणणं, तिथेच घोडेस्वार असणार. का असणार, तर त्यांनी पाहुण्यांना तसं सांगितलं होतं म्हणून.

आधी आम्ही तहसील कचेरीत गेलो. जुन्या कागदांच्या खोलीत एक बाबू होता, कानाला मफलर गुंडाळलेला. मोठेबाबांनी धोतर सावरून, घसा खाकरून हिंदी काढली. "हमारे पूर्वज का रिकॉर्ड देखना है."

"नाम?"

मोठेबाबांनी पणजोबांचं नाव सांगितलं.

"वल्द?"

वल्द म्हणजे बापाचं नाव. आमच्याकडच्या कचेऱ्यांत त्याशिवाय पान हलत नाही.

"वल्द ही तो ढूँढ़ने आए हैं," मोठेबाबा म्हणाले.

बाबूने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो रजेवर होता. तिसऱ्या खेपेला कागद निघाले. धुळीने मला शिंका सुरू झाल्या. मोठेबाबा खुर्चीवर बसून राहिले. शोधायचं काम मी करायचं आणि पूर्वज त्यांचा, अशी वाटणी होती.

पणजोबांचं नाव सापडलं. दोन जुन्या कागदांत सापडलं, आणि दोन्हींत बाप वेगळा होता. एका ठिकाणी जो वल्द लिहिला होता तो सौंसरकडचाच राहणारा. दुसऱ्या ठिकाणी भलतंच नाव होतं, आणि त्यापुढे वरुडकडचं एक गाव. शेत तेच, माणूस तोच, बाप दोन. घोडा कुठेच नव्हता.

"लिहिणारा दारू पिऊन बसला असंल," मोठेबाबा म्हणाले.

बसस्टँडकडे जाताना मी म्हटलं, "मोठेबाबा, दोन्ही खरं असलं तर?"

ते रस्त्यातच थांबले. "म्हणजे काय म्हणून राहिली तू?"

मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. पण मोठेबाबांना कळलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी तहसीलचं नाव काढलं नाही. "इंग्रजाच्या कागदावर माझा भरवसा नाई," असं ते सांगू लागले.

भरवसा त्यांनी भाटावर ठेवला. दिवाळीनंतर भाट गावोगाव फिरत. त्यांच्या पोथ्यांत घराण्याघराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असत. घरातला मुलगा जन्मला की नोंद, भाटाला धोतरजोडी, ज्वारी. तो भाट मोहगावला आला आहे असं कळल्यावर मोठेबाबांनी त्याला बैलबंडीत बसवून घरी आणलं. पुरणपोळी करायला लावली. ती ताईने केली. जेवण झाल्यावर भाट लोडाला टेकला आणि डोळे मिटून विचारता झाला, "मालक, कोठून वाचू? उज्जैनहून का देवगडहून?"

"राजाच्या फौजेचं काही आहे का पाहा."

"असंल न. काहून नसंल?"

त्याने लाल फडक्यातली पोथी उघडली आणि जे सुरू केलं ते थांबेना. उज्जैन सोडलं, देवगडला चाकरी केली, तिथून नागपूर, राजाने पाठीवर हात ठेवला, घोडा दिला. पणजोबांच्या बापाचं नावही निघालं. तहसीलच्या दोन नावांपैकी ते एकही नव्हतं. हे तिसरं, चांगलं भारदस्त, शेवटी 'राव' लावलेलं. घोडा काळा होता हेही निघालं. घोड्याला नाव होतं. मोठेबाबांचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, बाजारात व्यापाऱ्याने संत्र्याच्या ढिगात एक नासकं फळ दाखवलं तर दोन तास भांडणारा, तो एका भाटाच्या काळ्या घोड्यापुढे रडायला आला.

मी लिहून घेत होते. एका जागी थांबून मी विचारलं, "भाटजी, यांची बायको कोण?"

भाटाने पान उलटलं. "बाया नसतात त्याच्यात, पोरी."

"मग पुढची पिढी कशी झाली?"

"लिही, लिही," मोठेबाबा म्हणाले. "मधात नको बोलू."

भाट धोतरजोडी आणि ज्वारीचं पोतं घेऊन गेला. आता मोठेबाबांना पुरावा पाहिजे झाला. म्हणजे पाहुणे आल्यावर दिवाणखान्यात टांगता येईल असं काहीतरी. त्यांना आठवलं की रामाकोन्याला त्यांच्या म्हाताऱ्या आत्याकडे लहानपणी तलवार पाहिली होती. ही आत्या म्हणजे पणजोबांची शेवटची जिवंत लेक. ऐंशीच्या पलीकडची, पण खणखणीत.

छोट्या रेल्वेने आम्ही गेलो. मोठेबाबा, मी आणि मोठीआई. मोठीआई म्हणजे मोठेबाबांची बायको. आत्याबाईंना लुगडं द्यायचं राहिलं होतं म्हणून ती आली. मोठीआई घरात फार कमी बोलायची. मी लहानपणी समजत होते की तिला बोलायला आवडत नाही.

आजीआत्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मोठेबाबांनी पाया पडून लगेच मुद्द्याला हात घातला. "आत्या, ते तलवार कोठं आहे?"

"कोणती व बाप्पा तलवार?"

"मी लहान होतो तवा पाह्यली होती. भिंतीले होती."

म्हातारी विचारात पडली, मग हसायला लागली. "अरे, थे कट्यार! माह्या पोराच्या लग्नात नवरदेवाच्या हाती द्याले मागून आनली होती शेजाऱ्याकून. वापस केली थे."

मोठेबाबांनी उसासा सोडला, पण हार मानली नाही. "बरं, आपले जे मोठे होते, तुझ्या बापाचे वडील, राजाच्या फौजेत होते, ते घोड्यावर..."

"कोन?"

"तुझे आजोबा."

"कोनते आजोबा?" म्हातारीने शेंग हातातच धरली. "जन्माचे का पोसल्याचे?"

मोठीआईचा हात पिशवीतून लुगडं काढता काढता थांबला. मोठेबाबा म्हणाले, "असं काय बोलून राहिली, आत्या?"

"काय बोलून राहिली म्हंजे? माहा बाप मायच्या कडेवर आला नाई का इकडं? वरुडकडचे लोक ते. बाप मरीनं गेला त्याचा, एका दिवसात. मायचं वय काय असंल, इच्यासारखं." तिने शेंगेने माझ्याकडे दाखवलं. "दीर-जावांनी हाकललं. मंग इकडच्या मानसासंग पाट लागला तिचा. लई चांगला मानूस होता म्हंते. पोराले आपलं नाव देल्लं, वावर देल्लं. त्याले सोताचं लेकरू झालं नाई, पन त्यानं कधी इचारलं नाई का हे कोनाचं म्हून."

"हे तुले कोणी सांगतलं?"

"तिनंच सांगतलं. माहे केस इंचरता इंचरता सांगे. मी लहान होती तवा होती न थे. असं आपलं सांगे, पाऊस पडला असं सांगावं तसं."

"आणि घोडा?" मोठेबाबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"घोडं? घोडं नाई माहीत. एक हेला होता म्हंते, लई मारका." हेला म्हणजे रेडा.

तहसीलच्या दोन कागदांवर मी जे वाचलं होतं त्याला आता चेहरे आले. एक बाप पटकीच्या मरीत गेलेला, एक बाप पोसणारा, दोघेही खरे. लिहिणारा दारू प्यायलेला नव्हता. मी विचारलं, "आजीआत्या, त्यांचं नाव काय होतं? तुमच्या आजीचं?"

ती पुन्हा विचारात पडली. या वेळी हसली नाही. "नाव... नाव कोन घेत होतं व तिचं? आजीले आजी म्हनलं. बाया तिले अमक्याची माय म्हनत. आसंल काहीतरी."

मोठीआईने लुगडं काढून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या पायावर डोकं टेकवलं. जरा जास्तच वेळ टेकवलं.

परतीच्या गाडीत मोठेबाबा म्हणाले, "म्हातारी चळली आहे." सौंसर आलं तेव्हा त्यांनी मला बजावलं, "हे कोणाले सांगशील त याद राख." मोठीआईला त्यांनी काही बजावलं नाही. तिला बजावायची गरज असते हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मी वंशावळ नीट उतरवून काढायला म्हणून आठ-दहा दिवस त्यांच्याकडेच राहिले होते. एका संध्याकाळी मोठेबाबा जेवायला बसले. वंशावळ छापायला नागपूरला द्यावी, वर घोडेस्वाराचं रंगीत चित्र काढून घ्यावं, असं ते दादाला सांगत होते. मोठीआई भाकर वाढायला वाकली आणि भाकर हातातच ठेवून म्हणाली, "एक इचारू का?"

"इचार."

"तुमच्या आजोबाच्या मायनं पाट लावला नसता, त तुम्ही आज कोठं असते?"

दादाचा घास तोंडातच राहिला. मोठेबाबांनी ताट सरकवलं. "ते म्हातारी काहीबाही बोलते आणि तू..."

"तिनं पाट लावला म्हणून वावर भेटलं. वावर भेटलं म्हणून बगिचा झाला. बगिच्याच्या जोरावर तुम्ही म्हणता आपल्यात पाट लागत नाई." ती अजिबात ओरडत नव्हती. "माह्या पोरीले तुम्ही चुलीपाशी बसवून ठेवलं, ते कोण्या घराण्याच्या नावानं? त्या घोड्याच्या?"

मोठेबाबा उठले. चप्पल घालून बाहेर गेले आणि बगिच्यातल्या झोपडीत जाऊन बसले. त्यांना वाटलं असेल बायको समजूत काढायला येईल. तिने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि ताईला जवळ बोलावलं.

ताई म्हणाली, "माय, भांडण माह्यावरून करून राहिले तुम्ही. मले कोणी इचारलं का? पहिल्यानं लग्न केलं तवा नाई इचारलं. इथं बसवलं तवा नाई इचारलं."

"म्हणून आता इचारून राहिली," मोठीआई म्हणाली. "तुह्या मनात काय आहे?"

ताई बराच वेळ राखेत काडीने रेघोट्या ओढत राहिली. मग म्हणाली, "माणूस आधी पाहीन मी. बोलीन त्याच्यासंग. मंग सांगीन."

मोठीआईचं माहेर मोहगावचं. तिच्या भावाने पंधरा दिवसांत स्थळ आणलं. पांढुर्ण्याला विजेच्या खात्यात लाइनमन होता, बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं. मोठेबाबांना सांगितलं की जामसांवलीच्या मारुतीला रोडग्यांचा नवस फेडायचा आहे. ते स्वतःही आले असते, पण बायकांच्या नवसाला त्यांच्या मते पुरुषांचं काम नसे. तेवढी एक गोष्ट त्यांच्या मोठेपणाने आमच्यासाठी केली.

मंदिराच्या आवारात आम्ही गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे रोडगे भाजायला ठेवले, वांग्याची भाजी चढवली. लाइनमन मामांबरोबर आला. काळासावळा, पायात जाड तळव्याचे बूट. कुठे बसावं ते त्याला कळेना. मामा त्याच्या पगाराचं सांगायला लागले तसं ताईने त्यांना थांबवलं आणि सरळ त्यालाच विचारलं, "तुमच्या बायकोचं नाव काय होतं?"

अशा वेळी मेलेल्या बाईचं नाव कोणी विचारत नाही. त्याने नाव सांगितलं. आवाज खाली न करता, मान न झुकवता सांगितलं. मग म्हणाला, "तिले हे रोडगे लई आवडायचे. मले भाजता येत नाई, करपवतो."

"लवकर उलटवायचे असतात," ताई म्हणाली, आणि त्याच्या हातात चिमटा दिला.

परत येताना बसमध्ये तिने माझ्या कानात सांगितलं की तिला चालेल. मी विचारलं, का गं, एवढ्यावरून? ती म्हणाली, "उद्या मी मेली, त हा माहं नाव तरी घेईल."

आता मोठेबाबांना सांगणं आलं. त्यांनी जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. आधी ओरडले. मग रडले. मग काटोलच्या पाहुण्यांची भीती घातली, की दादाचं जमत आलेलं लग्न मोडेल. मग म्हणाले मी विहिरीत उडी टाकीन. मोठीआई म्हणाली, विहिरीचं पाणी बगिच्याले जाते, दुसरी पाहा. शेवटी त्यांनी फर्मान काढलं की हे माझ्या घरी होणार नाही.

तेव्हा माझे बाबा, ज्यांनी जन्मात थोरल्या भावापुढे मान वर केली नव्हती, हळू आवाजात बोलले. "मग माह्या घरी होऊ द्या, भाऊ. पांढुर्ण्याले." एवढंच. बोलून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात, दिवसाउजेडी, वाजंत्रीसकट ताईचं लग्न लागलं. रात्रीच्या अंधारात गुपचूप उरकायची जुनी रीत मोठीआईने मोडून काढली. पोस्टातली माणसं आली, लाइनमनची माणसं आली. मोठेबाबा त्या दिवशी नागपूरला गेले होते. वंशावळीचं छापखान्यात काम होतं.

काटोलचे पाहुणे चार महिन्यांनी पुन्हा आले. ताईचं त्यांना कळलेलंच होतं. मोठेबाबा घामाघूम होऊन बसले होते, मांडीवर वंशावळीची गुंडाळी. पान खाणाऱ्या म्हाताऱ्याने ती उघडूनही पाहिली नाही. तो उठून बगिच्यात गेला, झाडांची खोडं हाताने दाबून पाहिली, विहिरीत वाकला, आणि मोटर किती ताकदीची आहे ते विचारलं. मग आत येऊन सुपारी फोडायचं बोलला. पाटाचा शब्दही नाही. घोडेस्वाराचाही नाही. एवढी खटपट ज्याच्यासाठी केली त्याला पाणी पाहिजे होतं.

मोठेबाबांना याचं वाईट वाटायला हवं होतं. त्यांना आनंद झाला.

वंशावळ मी पाहिली. जाड कागद, सोनेरी कडा, वर काळ्या घोड्यावर बसलेला मिशीवाला. खाली फांद्याफांद्यांत पणजोबा, आजोबा, मोठेबाबा, बाबा, दादा. ताई नाही, मी नाही, मोठीआई नाही. वरुडकडून पोर कडेवर घेऊन चालत आलेली बाई नाही. आमच्या वंशावळीत घोड्याचं नाव आहे, बाईचं एकही नाही. मी तिचं नाव शोधायला एकदा एकटीच तहसीलला गेले होते. एका कागदावर ती सापडली. नवऱ्याचं नाव आणि पुढे 'बेवा'. म्हणजे त्याची विधवा. तिचं स्वतःचं काही लिहायचं असतं हे लिहिणाऱ्यालाही वाटलं नव्हतं. मी बाबूला विचारलं, नाव नहीं है क्या. तो म्हणाला, "यही तो नाम है."

दादाचं लग्न मोठ्या थाटात झालं. मांडवात ध्वनिक्षेपक होता, आणि तो ज्याच्या घरी असतो त्याला भाषण करावंच लागतं. मोठेबाबा उभे राहिले. मला वाटलं, आता काळा घोडा. पण ते चतुर. मांडवात समाजाचे पुढारी बसले होते, आणि त्या वर्षांत पुढाऱ्यांना पुनर्विवाहावर बोलायची फार हौस होती. मोठेबाबा म्हणाले, "आमचं घराणं पहिल्यापासूनच सुधारलेलं. माझ्या आजोबांच्या मातोश्रींचा पुनर्विवाह झाला होता, आम्ही ते कधी लपवलं नाही. त्यांचाच आदर्श समोर ठेवून मी माझ्या मुलीचं..."

माझ्या बाबांनी नजर पुन्हा खाली घातली. टाळ्या पडल्या. पुढाऱ्याने उठून मोठेबाबांना हार घातला. मोठेबाबांनी जावयाला वर बोलावलं, दोनदा नाव पुकारलं. जावई मांडवाच्या मागे शिडीवर होता. अर्ध्या मांडवाचे दिवे गेले होते आणि तो तार जोडत होता. "येतो, थांबा," तिथूनच त्याने आवाज दिला, आणि लोक हसले.

बायकांच्या बाजूला मोठीआई जमिनीवर बसून होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर धरला होता. ती रडत होती की हसत होती हे मला त्या वेळी कळलं नाही. तिला नंतर विचारलं तर म्हणाली, दोन्ही.

त्यानंतर मोठेबाबांना समाजाच्या सभांना बोलवायला लागले. मोहगाव, रामाकोना, एकदा वरुडलाही. ते फेटा बांधून जात आणि बोलून येत. आजीआत्या तोवर गेली होती. तिच्याबद्दल सांगताना ते म्हणत, आमच्या आत्याने आम्हाला ही शिकवण दिली. ज्या म्हातारीला ते गाडीत चळलेली म्हणाले होते, तीच ही.

मला हे सहन होत नसे. पांढुर्ण्याला मला पुढे शाळेत नोकरी लागली आणि ताईचं घर रस्त्यातच होतं, म्हणून संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला थांबायची. एकदा मी तावातावाने म्हटलं, "तुझ्या लग्नाच्या दिवशी जो माणूस छापखान्यात बसला होता, तो आता हार घालून घेतो. तुला काही वाटत नाही?"

ताई मुलाला भरवत होती. म्हणाली, "घेऊ दे न. दहा ठिकाणी बोलतात, त एखाद्या पोरीच्या बापानं तरी ऐकलं असंल."

"पण खोटं बोलतात ते."

"खोटं त पहिलेही बोलत होते. तवा मी चुलीपाशी होती."

तिचं म्हणणं बरोबर असेल. मी त्यावर पुष्कळदा विचार केला आणि मला ते पटलं नाही.